मावशीचा ओठ आणि कडा कापलेला फोटो

१

मावशी बिस्कीट खात नव्हती. ती स्वतःचा ओठ खात होती.

हे मला आधी कळलं, तिला नंतर. रविवारची सकाळ, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, आई पाठमोरी भांडी विसळतेय आणि मावशी रंगात येऊन काहीतरी सांगतेय. तिच्या हनुवटीवर बिस्किटाचा ओला लगदा, त्यात लाळ, आणि लाळेत लाल रंग. तो लाल रंग ओघळत ओघळत आला आणि टप्पकन तिच्या चहात पडला. आणि तिने कप उचलून घोट घेतला!

"ईईई! मावशी, रक्त!"

"कुठे?" तिने माझी बोटं पाहिली, टेबलाखाली पाहिलं, आईकडे पाहिलं. स्वतःच्या तोंडाकडे हात काही गेला नाही.

मला ढवळून आलं. मग ढवळून आल्याची शरम वाटली, आणि तरी ढवळतच राहिलं. पोटाला कुठे नाती कळतात?

नऊ आठवड्यांपूर्वी मावशीची डावीकडची खालची अक्कलदाढ काढली होती. ती आडवी उगवली होती, म्हणून हिरडी कापून, ड्रिलने तुकडे करून. दाढ गेली आणि जाताना खालचा डावा ओठ आणि अर्धी हनुवटी घेऊन गेली. म्हणजे दिसायला जागेवर, पण स्पर्श शून्य. चटका बसला तरी कळत नाही, लाळ गळली तरी कळत नाही, आणि आज कळलं की चावलं तरी कळत नाही.

तुम्ही म्हणाल, जरा रुमाल जवळ ठेवायचा. पण माझी मावशी काच फुंकते. प्रयोगशाळेत लागतात ते चंबू, वेटोळ्या नळ्या, तोट्या, सगळं ती ज्योतीवर बनवते. काच एका बाजूने गरम होऊन लोळागोळा झालेली असते आणि दुसऱ्या बाजूने एक रबरी नळी मावशीच्या ओठांत असते. किती फुंकायचं ते ओठांना कळतं. आता तिचे चंबू एका कुशीवर झोपल्यासारखे होत होते. लाळ नळीतून उतरून तापलेल्या काचेवर पडायची आणि काच तडकायची. मुकादमाने तिला सध्या खोकी भरायला बसवलं होतं. वीस वर्षांचा हात, आणि खोकी!

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "दाढेची मुळं नसेला चिकटून असतील तर नस फाटली किंवा चेंगरली असेल. मग वाट बघू नका, तीन महिन्यांच्या आत नसांच्या सर्जनकडे जा. नस लांब असेल तर नुसता मुका मार, आपोआप बरा होईल. ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे फोटो बघा."

तो फोटो मावशीकडे होता. तक्रार घेऊन गेली तेव्हा दातांच्या दवाखान्यानेच दिला होता. ओठावर बर्फ धरून तिने तो पुन्हा माझ्यापुढे टाकला. "बघ बाई एकदाचा. ही मुळं, ही नस. मध्ये केवढी जागा आहे. वर्षभरात येईल म्हणालेत डॉक्टर. उगीच कोण पुन्हा कापून घेणार?"

खरंच जागा होती. नसेची नळी मुळांच्या चांगली खालून चालली होती.

पण त्याच दवाखान्यात माझ्या दातांना तारा लावल्यात. माझाही तसाच अख्ख्या जबड्याचा लांबट फोटो आहे. मी तो कपाटातून आणला आणि मावशीच्या फोटोवर ठेवला.

मावशीचा फोटो दोन्ही बाजूंनी बोटबोटभर अरुंद होता.

२

"एका मशीनमधून निघालेले दोन फोटो लहानमोठे कसे?" मी सोमवारी शाळेतून थेट दवाखान्यात जाऊन विचारलं.

काउंटरवरच्या ताईने नखं वाळवत फोटोकडे पाहिलं. "मला काय विचारतेस? मला त्यात दात सोडून काही दिसत नाही. कधीकधी दातही दिसत नाहीत."

"मग फोटो देतं कोण?"

"आत छापतात, पाकिटात घालून माझ्याकडे येतं, मी पेशंटचं नाव वाचून देते. संपलं."

दातांच्या दवाखान्याचा वास तुम्हाला माहीतच असेल. लवंग, जळका दात आणि कुणाच्या तरी तोंडातलं शिळं. शेजारी एक आजोबा कापसाचा लालभडक बोळा गालातून काढून निरखत बसले होते, रत्न पारखावं तसा. मी मान फिरवली आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या पोटावर आदळले.

"अरे वा, आमची तारवाली! मावशी कशी आहे?"

"ओठ खातेय."

ते हसले! हातातलं मोसंबीचं सरबत हिंदकळेपर्यंत हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, फोटो मी स्वतः बघितलाय. नस लांब आहे. अशा वेळी धीर धरायचा असतो."

"पण मावशी म्हणते, दाढ काढताना हनुवटीपर्यंत करंट बसल्यासारखं झालं. इंजेक्शन दिलेलं असूनही. नस लांब होती तर करंट कशाचा?"

डॉक्टरांचा हात खांद्यावरून निघाला. "करंट? मला नाही आठवत."

"आठवेल कसं? तुम्ही नव्हतातच की आत," काउंटरवरची ताई नखांवर फुंकर मारत म्हणाली. "इंजेक्शन देऊन बाहेर आलात, मुलीचा फोन आला, तासभर गच्चीत फेऱ्या मारत होतात. मीच नाही का सरबत आणून दिलं वर?"

डॉक्टर सरबताचा ग्लास तसाच काउंटरवर ठेवून आत गेले. मावशीच्या तोंडावर तेव्हा हिरवं फडकं होतं, तोंडापुरतं भोक असलेलं. तिला फडक्याखालून काय दिसणार? तिला आजही वाटतं, दाढ मोठ्या डॉक्टरांनी काढली.

मी फोटोवाल्या काकांच्या दारावर टकटक केलं. दार बोटभर उघडलं.

"काका, एक फोटो दाखवायचाय..."

"जुने फोटो चिवडायला मला वेळ नाही. रांग बघ बाहेर. शुक्रवारी ये." आणि दार धाडकन बंद.

गुरुवारी त्यांची सुट्टी असते. पण मंगळवारी का नको? बुधवारी का नको? काका फोटोला घाबरत होते की काय?

३

गुरुवारी माझ्या तारा आवळायचा दिवस होता. ते काम मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या छोट्या मॅडम करतात.

छोट्या मॅडम मला फार आवडायच्या, हे आधीच कबूल करते. तारा लावल्यावर मी महिनाभर तोंडावर हात ठेवून हसत होते. मॅडमनीच तो हात खाली केला होता. "चमकतंय ते लपवतेस कशाला?" तेव्हापासून मी वर्गात पहिल्या बाकावरून उत्तरं देते, मोठमोठ्याने, चुकलेलीसुद्धा.

मी पोचले तेव्हा काका नसल्यामुळे मॅडमच फोटो काढत होत्या. एक बाई मशीनमध्ये हनुवटी टेकवून उभी होती. कानात लोंबते झुमके.

"हे काढू का?" बाईंनी विचारलं.

"राहू देत हो, दोन मिनिटांचं काम. दात नीट आले म्हणजे झालं."

मशीन बाईच्या डोक्याभोवती घूं घूं फिरलं. मग मी खुर्चीत गेले. मॅडमनी तारा आवळल्या, माझ्या दातांतून शाळेच्या डब्यातला सडका पालक उपसला (माझाच होता, तरी शी!) आणि मी तोंड चूळ भरून रिकामं केल्याबरोबर फोटो पुढे धरला.

"मॅडम, ही नस लांब आहे ना?"

त्यांनी फोटो हातात घेतलाच नाही. लांबूनच म्हणाल्या, "हो गं. मुळांपासून चांगली तीन-चार मिलिमीटर खाली. काळजी नको करू."

"दाढ तुम्ही काढलीत?"

मॅडमनी मास्क वर ओढला. "मदत करत होते मी. डॉक्टरांचा पेशंट आहे तो."

"आणि हे काय आहे?" फोटोत दोन्हीकडे, वरच्या दाढांच्याही वर, एकेक पांढुरका पुसट डाग होता. मला आधी चहाचे शिंतोडे वाटले होते. घासले, तर जाईनात.

"ते? ते काही नाही. असलं काहीबाही येतं फोटोत. आम्ही तिकडे बघतही नाही."

माझ्या डोक्यावर टप्पल मारून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. मला हायसं वाटलं. मॅडम म्हणाल्या म्हणजे काही नसणार. खरं सांगते, मी फोटो दप्तरात टाकून विषय सोडूनच दिला होता.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मुकादमाने तिची ज्योतीपुढची जागा दुसऱ्याला दिली होती.

४

शुक्रवारी काकांनी दार उघडलं आणि मी ते बंद व्हायच्या आत पाय घातला.

"अगं, पाय चेंगरेल! शुक्रवारी ये म्हटलं होतं ना? मग ये की. बुधवारपर्यंत मशीनवाला माणूस बसला होता माझ्या उरावर, मोजमाप लावायला. दाखव काय ते."

काकांनी फोटो उजेडावर धरला. आणि असा चेहरा केला, जणू कुणी त्यांच्या ताटात चूळ टाकली.

"हा मी काढलेला नाही."

"पण वर मावशीचं नाव आहे."

"नाव काय, कुणीही टाइप करेल. हा फोटो मी काढलेला नाही म्हणजे नाही! हे डाग दिसतात? हे कानातल्याचं भूत."

"काय?"

"मशीन डोक्याभोवती फिरतं ना? कानात धातू असला की एकदा तो जागच्या जागी स्पष्ट उमटतो, आणि फिरता फिरता समोरच्या बाजूला पुन्हा उमटतो. वर सरकलेला, फुगलेला, पुसट. त्याला भूत म्हणतात. माझ्या मशीनपुढे राणी आली तरी कानातलं उतरवून ठेवावं लागतं. तुला आठवतंय?"

आठवत होतं. माझं कानातलं मळाने गच्च बसलं होतं. ते उतरवताना जे बाहेर आलं, त्याचं वर्णन मी इथे करणार नाही.

"भूत आहे, तर खरं कानातलं कुठे आहे?" मी विचारलं.

काकांनी फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. "ते उमटतं इथे बाहेर, कानाच्या पाळीपाशी. पण इथला भाग तर..."

"कापलाय," मी म्हणाले.

आणि मी काकांच्या हातातून फोटो ओढून घेतला. कारण मावशी कानात काही घालतच नाही. ज्योतीपुढे धातू तापतो, पाळी भाजते, म्हणून तिने वीस वर्षांपूर्वी कानातलं सोडलं. तिची भोकंसुद्धा बुजलीत.

मुळांपासून नस लांब होती हे खरं. पण ती नस मावशीची नव्हती.

५

मी काकांच्या खोलीतल्या फिरत्या स्टुलावर बसले आणि बोटं मोजायला लागले.

"काका, ज्याने हा फोटो मावशीच्या नावावर घातला, त्याला तीन गोष्टी यायला हव्यात. एक, नस कुठे आहे ते वाचता यायला हवं. नाहीतर नेमका लांब नसेचा, तशाच आडव्या दाढेचा फोटो निवडणार कसा? म्हणजे काउंटरवरची ताई सुटली. तिला दातही दिसत नाहीत."

"बरं."

"दोन, कॉम्प्युटरवर नाव बदलून, कडा कापून, छापता यायला हवं. मोठ्या डॉक्टरांना येतं?"

काका फिस्सकन हसले. "त्यांना माऊस उलटा धरताना पाहिलाय मी. छापून हातात दिलेलाच फोटो बघतात ते, आधी कुठला बघितला होता तेही विसरतात."

"तीन. कडा कापल्या म्हणजे स्पष्ट कानातलं त्या माणसाला दिसलं. पण भूत नाही दिसलं. म्हणजे भुताकडे न बघायची सवय झालेला माणूस हवा. तुम्ही तर भूत बघून लाल झालात. तुम्ही असतात तर हा फोटो निवडलाच नसतात. तुमच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"मग उरलं कोण?" असं काकांनी विचारलं, पण त्यांचा आवाज विचारल्यासारखा नव्हता.

झुमकेवाली बाई डोळ्यांपुढे आली. 'राहू देत हो.' 'आम्ही तिकडे बघतही नाही.' आणि फोटो हातातसुद्धा न घेता सांगितलेले ते तीन-चार मिलिमीटर. इतका पाठ कसा होता त्यांना?

माझ्या डोक्यावर जिथे टप्पल बसली होती ती जागा मला धुऊन काढावीशी वाटली.

काकांनी मान खाली घातली. "मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या मावशीचा खरा फोटो बघून मला सांगितलं होतं, थ्रीडी स्कॅन करा, मगच दाढ काढू. साध्या फोटोत नस मुळांच्या पुढे आहे की मागे ते कळत नाही, थ्रीडीत चारी बाजूंनी कळतं. मी मशीन तयार ठेवून बसलो. पेशंट आलीच नाही. विचारायला गेलो तर छोट्या मॅडम म्हणाल्या, नको आता, खुर्चीत घेतलंय, बधिरही केलंय."

"आणि तुम्ही?"

"मी परत आलो."

"नऊ आठवडे झाले, काका."

"मला कुणी विचारलं नाही गं."

शी. सगळ्या दवाखान्यात हेच एक वाक्य लाळेसारखं ओघळत होतं. मी स्टुलावरून उठले. "खरा फोटो पुसला गेला असणार."

"कॉम्प्युटरवरून पुसला असेल," काका म्हणाले आणि मशीनच्या मागे गेले. "पण हे मशीन स्वतःकडे एक प्रत ठेवतं. हे फक्त मला आणि त्या मशीनवाल्या माणसाला माहीत आहे."

६

शनिवारी दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही पाचजण होतो. डॉक्टर, छोट्या मॅडम, काका, मावशी आणि मी. उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी दोन फोटो.

काकांनी आणलेल्या फोटोत कडा पूर्ण होत्या, भुतं नव्हती. आणि दाढेची मुळं नसेच्या नळीत बुडालेली होती. जिथे ती नळीवरून गेली तिथे मुळांवर काळा पट्टा, आणि नळीची पांढरी रेघ तेवढ्यापुरती गायब. मला, दहावीतल्या मुलीला, दिसत होतं.

मी सगळं सांगितलं. भूत, कडा, तीन गोष्टी. मोठ्याने, पहिल्या बाकावरून सांगते तसं. फक्त मॅडमकडे बघितलं नाही.

डॉक्टर पाटीपाशी वाकले. "मी इंजेक्शन देऊन गेलो, बधिर होईतो थ्रीडी करून घ्या म्हणून. झालं नव्हतं?"

"तुम्ही गच्चीत होतात, सर," छोट्या मॅडम म्हणाल्या. "मावशी अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या, बाहेर सहाजण ताटकळत होते. मला वाटलं निघेल. निघालीही. नंतर ओठ आला नाही म्हटल्यावर... बहुतेकांचा येतो हो. खरंच येतो. मला वाटलं, तोवर जरा वेळ मिळेल."

"कुणाला वेळ मिळेल?" मावशीने विचारलं.

मॅडम हातमोज्यांची बोटं ओढत राहिल्या.

"वेळ माझा होता. तीन महिने होते माझ्याकडे. त्यातले नऊ आठवडे तुम्ही वापरलेत."

डॉक्टर घसा खाकरून माझ्याकडे वळले. "बाळ, तू जरा बाहेर बस. मोठ्यांना बोलू दे."

"ती कुठेही जाणार नाही," मावशी म्हणाली. "मोठी माणसं नऊ आठवडे बोललीच आहेत."

"हे बघा, हे या चार भिंतींत राहिलेलं बरं. आणि धोका असतो अशा कागदावर तुमची सहीही आहे."

"आहे ना. पण तो धोका कुठल्या फोटोतला, डॉक्टर? ह्या का ह्या?"

तेवढ्यात तिच्या बधिर ओठावरून लाळेची तार सुटली आणि टेबलावरच्या त्या सहीच्या कागदावर पडली. तिला कळलं नाही. डॉक्टरांना कळलं. त्यांनी नाक मुरडलं आणि कागद दोन बोटांनी बाजूला सरकवला. दोन बोटांनी! जणू ती घाण मावशीने घरून आणली होती.

त्या क्षणी मला सगळ्यात जास्त किळस आली, आणि ती लाळेची नव्हती. मी तो कागद उचलला, दोन्ही फोटो पाटीवरून उतरवले, सगळं दप्तरात घातलं. मॅडमनी "ऐक ना गं" म्हणून माझा हात धरला. त्यांचे हातमोजे ओले होते. मी हात सोडवून घेतला.

७

मोठ्या हॉस्पिटलातल्या नसांच्या सर्जनबाईंनी आधी आम्हालाच झापलं. "फोटो काही का म्हणेना! इतके आठवडे ओठ बधिर म्हटल्यावर सरळ इथे यायचं. फोटो बरा होत नाही, माणूस बरा होतो."

मग त्यांनी थ्रीडी स्कॅन केला आणि पडद्यावर जबडा सफरचंदासारखा फिरवून दाखवला. मुळाचा एक तुकडा आत राहिला होता. तो नसेच्या नळीत घुसून बसला होता, आणि नस तिथे चपटी झाली होती.

"तुकडा काढते, नस मोकळी करते. पण सगळं परत येईल असं वचन देणार नाही. थोडं येईल, बरंच येईल, किंवा नाहीच येणार."

"आणि वर्षभर थांबले असते तर?" मावशीने विचारलं.

सर्जनबाईंनी नकारार्थी मान हलवली.

अकराव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दोन फोटो, मशीनमधली प्रत आणि काकांचा लेखी जबाब आईने दंतवैद्यांच्या मंडळाकडे पाठवला. चौकशी चालू आहे. माझ्या तारा आता दुसरीकडे आवळतात. तिथे कुणी टप्पल मारत नाही, बरं आहे.

ऑपरेशननंतर एक आठवडा काही नाही. दोन, तीन, चार, काही नाही. मावशी खोकी भरत होती. आई देवाला नाही, सर्जनबाईंना शिव्या घालत होती. सहावाही गेला.

सातव्या आठवड्यात भर दुपारी फोन वाजला.

"अगं, काहीतरी भयंकर होतंय," मावशी म्हणाली. "ओठाच्या आत. हनुवटीवर. इतकं घाणेरडं वाटतंय ना, काय सांगू!"

"म्हणजे कसं?"

"ओल्या पायांच्या मुंग्या चालल्यासारखं. नाही, गोगलगाय. मध्येच कुणीतरी बारीक सुया खुपसतंय, मग आत काहीतरी बुळबुळीत सरकतंय. खाजवलं की आणखी वळवळतं. शी शी शी! अंगावर शहारे येतायत माझ्या!"

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मावशी," मी म्हणाले, "गोगलगाईपासून पुन्हा सांग. हळूहळू. काहीही गाळू नकोस."